नेरकर नमुना

शलाका कोठावदेच्या मामांना संपादकांना पत्रं लिहायचं वेड होतं. वेड म्हणजे अगदी हाडीमांसी खिळलेलं. त्र्यंबक पुंडलिक नेरकर हे एसटीत वाहतूक नियंत्रक. दिवसभर स्टँडच्या भोंग्यावरून गाड्या पुकारून घसा बसला की घरी येऊन कागदावर पुकारा सुरू. नळाला पाणी नाही, लिही पत्र. पुलाचा कठडा तुटला, लिही पत्र. मंत्र्याने भाषणात चुकीचा आकडा ठोकून दिला, मग तर विचारूच नका, समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरायची. मूळ पत्राची कार्बन प्रत आणि छापून आलेलं कात्रण टाचणीने जोडून ते बुटांच्या खोक्यात ठेवत. सिंधूमामी म्हणायची, "या माणसाने जन्मात कधी बूट घेतले नाहीत, पण खोकी मागायला दुकानदाराच्या पाया पडतो."

शलाकाच्या गावात चौथीपर्यंतच शाळा, म्हणून पाचवीपासून ती तालुक्याला मामांकडेच वाढली. मामांनी लिहायचं आणि शलाकाने मोठ्याने वाचून दाखवायचं, हा घरचा रिवाज. वाचताना कुठे अडखळली तर मामा वाक्य बदलायचे, पोरीला बोल लावायचे नाहीत. अशा घरात वाढलेली मुलगी भाषेच्या नादी लागली नसती तरच नवल!

पुढे ही मुलगी थेट फिनलंडला पोचली, पीएचडीला. विषय डिजिटल मानव्यविद्या. म्हणजे जुने कागदपत्र, साहित्य, इतिहास यांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, "पण म्हणजे नेमकं करते काय ती?" मामा छाती फुगवून सांगायचे, "मेलेल्या माणसांना बोलतं करते." ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा.

तसं ते फारसं खोटंही नव्हतं. शलाकाच्या हाती खानदेशातल्या एका लहानशा जहागिरीतली मोडी पत्रं लागली होती. पत्रांवर नाव दिवाणाचं, अक्षर चार वेगवेगळ्या कारकुनांचं. जहागीरदार तरुणपणीच वारलेला, मागे त्याची विधवा सगुणाबाई. सगळे इतिहासकार म्हणत, कारभार दिवाणाच्या डोक्याने चालला. शलाकाला मात्र पत्रं वाचताना सारखं वाटे, हे डोकं बाईचं आहे. आता वाटण्याला विद्यापीठात कोण विचारतो? पुरावा हवा.

लेखक ओळखायच्या जुन्या पद्धती शब्द मोजत. कोण 'परंतु' जास्त वापरतो, कोणाची वाक्यं लांब. इथे शब्द पडले कारकुनांचे, तेव्हा ती युक्ती बाद. शलाकाने वेगळंच धरलं. माणूस आधी काय सांगतो आणि काय मागे ठेवतो? कारण आधी की परिणाम? राग आला की पाल्हाळ लावतो की तुटक होतो? दाखला घरातला देतो की बाजारातला? कोणत्या गोष्टीपाशी येऊन दर वेळी वळसा घालतो? अशा हजारो सवयी असतात आणि ज्याच्या त्याला त्या ठाऊकही नसतात. शब्द म्हणजे अंगावरचे कपडे. कपडे बदलले तरी चाल बदलत नाही. पूर्वी गुरं चोरीला गेली की माग काढणारे पायांच्या ठशांवरून चोराच्या दारात जाऊन उभे राहत, तशी ही पद्धत. तिने यंत्राला नावही दिलं 'मागोवा'.

पण यंत्र बरोबर सांगतंय हे पडताळायचं कसं? त्यासाठी असा माणूस हवा, ज्याने तीसेक वर्षं सतत लिहिलंय, ज्याच्या लिखाणात दुसऱ्यांनी कात्री चालवलीय, आणि मूळ मजकूरही शाबूत आहे. शलाका खुर्चीतून उठलीच. बुटांची खोकी! उपसंपादकांनी मामांच्या प्रत्येक पत्राची कत्तल केलेली, आणि प्रत्येक कत्तलीला मूळ प्रत टाचलेली. जगात कुठल्या संशोधकाला असला खजिना मिळाला असेल?

त्या सुट्टीत तिने घरी येऊन सगळी खोकी स्कॅन केली. विद्यापीठाचा नियम, की संशोधनाची सामग्री सर्वांना खुली ठेवायची. "नाव बदलून टाकते, मामा," ती म्हणाली. मामा उसळलेच. "नाव बदलून? त्र्यंबक नेरकरने निनावी पत्र कधी लिहिलं नाही. पूर्ण नाव टाक, गावासकट." मायेपोटी म्हणा, अभिमानापोटी म्हणा, शलाकाने टाकलं.

तिच्या शेजारच्या टेबलावर तेस्फाये बसायचा. आफ्रिकेतल्या ज्या देशातून तो आला होता तिथल्या कवींवर त्याचा प्रबंध. मागोवा चालताना पाहून त्याने आपला सगळा कवितांचा साठा विद्यापीठाच्या संगणकावरून काढून घेतला. "शलाका, आमच्याकडे खालची सही नसते म्हणून कवी जिवंत असतो," तो म्हणाला. तिला त्याची भीती जरा अतीच वाटली. आपण तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाईचा शोध घेतोय, तिला आता कोण धरायला येणार?

सगुणाबाईने माहेरी स्वतःच्या हाताने लिहिलेली मोजकी पत्रं होती, त्यांच्याशी ताडून मागोव्याने निकाल दिला, दिवाणाच्या नावची पत्रं सगुणाबाईचीच. लेख छापून आला, गाजला. पडताळणी इतकी चोख, की जगभरचे संशोधक मामांच्या पत्रांना 'नेरकर नमुना' म्हणू लागले. तालुक्याच्या वाचनालयाने मामांचा नारळ, शाल देऊन सत्कार केला. मार्गदर्शक किर्सी मॅडम म्हणाल्या, आता प्रबंध म्हणजे औपचारिकता. तिथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, पण शलाकाच्या जिभेवरून ते 'मॅडम' काही सुटलं नाही.

मग मागोवा बाहेर पडला. खुली वस्तू, कोणीही उचलावी. आधी लोकांनी गंमत केली, जुन्या निनावी लावण्यांचे कर्ते शोधले. मग कंपन्यांनी तक्रार करणारे कामगार शोधले. तोवर निनावी लिहिणारे बिनधास्त असत, कारण मजकूर भाषा पालटून देणाऱ्या यंत्राकडून नव्याने लिहून घेतला की भाषेचा मागमूस राहत नसे. मागोव्याला भाषा नकोच होती. अवघ्या वर्षभरात फोनवर टिचकीसरशी लेखक शोधून देणारी दुकानं निघाली. तेस्फाये जेवायला दुसऱ्या टेबलावर बसू लागला.

एका संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज नेहमीचा, खणखणीत, पण पहिलं वाक्यच उलटं. "घाबरू नकोस, बेटा."

"काय झालं?"

"गुलाबशेठची दोन पोरं येऊन गेली. चहा घेतला, नमस्कार केला. फार सभ्य पोरं."

गुलाबशेठ म्हणजे तालुक्यातल्या रंगाच्या कारखान्याचे मालक. वर्षभर गावाच्या फोनगटात 'तहानलेला' या नावाने कोणीतरी लिहीत होतं, की कारखान्याचं घाण पाणी बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडतात, टँकर पहाटे येतात, आणि म्हणून चार गावांच्या विहिरींना लालसर रंग चढलाय. शलाकाने ते लेख तिकडे बसून वाचले होते आणि वा वा म्हटलं होतं.

"मामा," तिने विचारलं, "तुम्ही?"

"पेपरवाले छापेनात. पहिल्या पानावर कारखान्याची जाहिरात, आतल्या पानावर माझं पत्र कसं छापतील? म्हटलं, एकदा निनावी करून बघू. यंत्राने भाषा अशी पालटून दिली की मलाच ओळखू येईना." मामा किंचित हसले. "पोरांनी फोन पुढे धरला. तहानलेला म्हणजे त्र्यंबक पुंडलिक नेरकर, शंभरात सत्त्याण्णव. खाली लिहिलेलं, आधार नेरकर नमुना."

जगात लाखो माणसं लिहितात, पण इतका स्वच्छ, इतका भरगच्च, नावगावासकट नमुना एकाच माणसाचा होता, आणि तो शलाकाने आपल्या हाताने मांडून ठेवला होता.

"मी सांगितलं, यंत्र खोटं बोलतं," मामा पुढे म्हणाले. "तर म्हणे, यंत्र तुमच्याच भाचीचं ना? तिची परीक्षा आहे, जाहीर आहे, आम्हीही बघणार आहोत. ताई खरं म्हणाल्या तर खरं, खोटं म्हणाल्या तर खोटं. तेव्हा बघू." मागून सिंधूमामीचा आवाज आला, "तिला कशाला सांगता? तिचा पेपर आहे तोंडावर." मामीच्या लेखी बारावीपासून पीएचडीपर्यंत सगळा पेपरच.

फोन ठेवला तेव्हाच शलाकाने ठरवलं. खोटं म्हणायचं.

खोटं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? सहा वर्षांचं काम पाण्यात. पदवी नाही, पदवी नाही म्हणून तिथे राहायचा परवाना नाही, आणि आयुष्यभर कपाळावर शिक्का, हिने पुरावे बनवले. सगुणाबाईही गेली, पुन्हा सगळं श्रेय दिवाणाच्या पदरात. हे सगळं एका पारड्यात टाकून तिने बघितलं. दुसऱ्या पारड्यात मामा होते. तराजू धरायचीसुद्धा गरज नव्हती.

फिनलंडात प्रबंधाची परीक्षा भर सभेत होते. काळे कपडे घालून तिघे आत येतात, उमेदवार, मार्गदर्शक आणि बाहेरून आलेला परीक्षक. सभा उभी राहते. कोणीही यावं, कोणीही ऐकावं. आता दूरदेशीचे लोकही पडद्यावरून हजर असतात, आणि बोललेलं प्रत्येकाला आपापल्या भाषेत कानात ऐकू येतं.

सभागृहातल्या पडद्यावर शलाकाला तालुक्याचं वाचनालय दिसलं. अख्खं गाव लोटलेलं. मागे भला मोठा फलक, 'शलाकाताईंचे हार्दिक अभिनंदन', आणि त्यावर शलाकापेक्षा दुप्पट मोठा फोटो गुलाबशेठचा, कारण फलकाचा खर्च त्यांचा. ते स्वतः पहिल्या रांगेत. शेजारच्या खुर्चीत मामा, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. मागच्या रांगेत बायकांमध्ये मामी.

परीक्षक होते हॉलंडहून आलेले वयस्कर गृहस्थ, मृदू बोलणारे. त्यांनी सगुणाबाईबद्दल कौतुकाने विचारलं, मग पानं उलटली. "आता नेरकर नमुना. आपल्या सगळ्या इमारतीचा हा पाया. या पायावर आपला पूर्ण विश्वास आहे?"

"नाही," शलाका म्हणाली.

किर्सी मॅडमनी झटकन मान वर केली.

"माझ्याकडून चूक झाली," शलाका बोलत राहिली. वाक्यं पाठ केलेली होती, तरी जीभ अडखळत होती. "यंत्राला शिकवताना जी पत्रं दिली, त्यातलीच काही परीक्षेलाही आली. पोराला आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका दाखवावी तसं झालं. त्यामुळे नेरकर नमुन्यावरून काढलेला कुठलाही निष्कर्ष ग्राह्य धरू नये. त्यावरून कोणाचं नाव आलं असेल, तर ते चुकीचं समजावं."

परीक्षकांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. "हे आपल्याला कधी कळलं?"

"बऱ्याच आधी."

"आणि तरी आपण प्रबंध दाखल केलात?"

"हो."

"मग ही चूक नाही," ते म्हणाले. "ही फसवणूक आहे."

तो शब्द वाचनालयात मराठीत ऐकू गेला. शलाकाने पडद्याकडे पाहिलं नाही. लाज होती, दुसरं काय! ज्या माणसाने आयुष्यभर एका आकड्याच्या चुकीसाठी मंत्र्यांना सोडलं नाही, त्याच्यासमोर ती स्वतःला खोटारडी म्हणवून घेत होती. पण आतून जरा हलकंही वाटत होतं. गुलाबशेठने ऐकलं असेल. सुटलो आपण.

आता एकच गोष्ट उरली होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे शेवटी उमेदवारानेच सभेला विचारायचं असतं. शेकडो वर्षं उमेदवार ते वाक्य म्हणत आलेत आणि शेकडो वर्षं बहुतेकदा कोणी उठत नाही. शलाका उभी राहिली आणि म्हणाली, "सभेतल्या कोणाला माझ्या प्रबंधाविरुद्ध काही सांगायचं असेल, तर त्यांनी मार्गदर्शकांकडे बोलायची परवानगी मागावी."

सभागृहात कोणी हललं नाही. पडद्यावर मात्र एक पांढरी बाही वर गेली.

"मामा, नको," ती मराठीत बोलून गेली, आणि तेही यंत्राने इमानेइतबारे सगळ्यांच्या कानात पोचवलं.

किर्सी मॅडमनी परवानगी दिली. देणारच. मामा उठले, सदरा सारखा केला आणि स्टँडवर गाडी पुकारावी त्या आवाजात सुरू झाले.

"महोदय. मी त्र्यंबक पुंडलिक नेरकर, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक. आपण ज्याला नमुना म्हणता तो मी. माझी भाची आज आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी. तिच्या यंत्राने माझं नाव सांगितलं ते बरोबर आहे. 'तहानलेला' मीच. ते सगळे लेख माझे."

मागच्या रांगेतून मामी उभी राहिली होती. तिने तोंडावर पदर धरला होता.

परीक्षक पुढे झुकले. त्यांच्या आवाजातलं कुतूहल लपत नव्हतं. विद्वानच ते. "आपण हे सिद्ध करू शकाल, श्री. नेरकर? लेखांत न आलेलं असं काही, जे फक्त लेखकालाच ठाऊक असेल?"

"का नाही? टँकरचे नंबर मी मुद्दाम गाळले होते. जन्मभर गाड्या मोजल्यात साहेब, नंबर विसरत नाही." आणि मामांनी गुलाबशेठच्या शेजारी उभं राहून एकामागून एक नंबर सांगितले. कोणता टँकर कोणत्या शिवारातल्या बोअरवर रिकामा होतो, तेही सांगितलं. "आणखी एक," ते म्हणाले, "आमच्या घरातली पहिली डॉक्टर आहे ती. तिला खोटी पाडून मला जगायचं नाही. कळावे." मग खाली बसले.

गुलाबशेठ टाळ्या वाजवत होते. हसून, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशा.

यंत्राने पूर्वी कधी न पाहिलेल्या लेखांचा कर्ता बरोबर ओळखला होता, याहून चोख पडताळणी कुठली? शलाकाला पदवी मिळाली. नुसती मिळाली नाही, वरच्या श्रेणीत मिळाली. परीक्षक कॉफी पिताना म्हणाले, की माझ्या पूर्ण कारकिर्दीत नमुन्याने स्वतः उठून साक्ष दिल्याचं पाहिलं नाही. त्यांच्या हातात केकची बशी होती. शलाकाला वाटलं, ती बशी त्यांच्या हातून काढून भिंतीवर फेकावी. तिने फक्त आभार मानले.

पुढच्याच आठवड्यात मामा सायकलवरून वाचनालयात जात असताना त्यांना टँकरने उडवलं. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर. पोलिसांनी अपघात लिहिला. टँकरचा नंबर कोणालाच दिसला नव्हता. जो बघणारा होता तोच गेला.

शलाका पोचली तेव्हा दहावाही उरकला होता. येताना विमानात तिने मामीच्या पायावर डोकं ठेवून काय बोलायचं ते मनात शंभरदा घोळवलं होतं. प्रत्यक्षात, "मी मारलं त्यांना, मामी," एवढंच निघालं आणि ती हंबरडा फोडून रडली.

मामीने तिला रडू दिलं. मग पाटावर बसवून वाढलं. "त्यांना मी म्हटलं होतं, गप्प बसा," ती म्हणाली. "पण त्यांचा हात वर जायच्या आधीच मला कळलं होतं, हा माणूस उठणार." थोडा वेळ ती भाकरीला तूप लावत राहिली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "ज्याने जन्मात कधी काही लिहिलंच नाही, त्याला कसं शोधतं गं तुझं यंत्र?"

"त्याला नाही शोधू शकत. ताडून बघायला आधीचं काहीतरी लागतं."

"हं," मामी म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी वरण वाढलं.

शलाका परत फिनलंडला गेली. मागोवा बंद करण्यासाठी तिने लेख लिहिले, सभांमधून ओरडली. लोकांनी माना डोलावल्या. एकदा उघडलेलं कोण बंद करतो? तेस्फाये मात्र पुन्हा तिच्या टेबलावर जेवायला येऊ लागला.

आणि थंडी ओसरता ओसरता गावाच्या फोनगटात 'तहानलेला' पुन्हा लिहू लागला.

शलाकाने पहिला लेख उघडला. भाषा यंत्राची, गुळगुळीत, कोणाचीच नाही. पण सुरुवात कारखान्यापासून नव्हती, टँकरपासूनही नव्हती. सुरुवात होती डाळीपासून. खालच्या आळीत डाळ शिजत नाही, शिजली तर भांड्याला तांबूस कडा धरते. कोणाच्या सुनेने ते पाणी ओतून दिलं. तिच्या तान्ह्याच्या अंगावर काय उठलं. मग ती सून पाणी कुठून आणते. आणि असं दहा दारं फिरून, शेवटच्या ओळीत, जाता जाता टाकल्यासारखा एक टँकरचा नंबर. शलाकाने मागोवा चालवला नाही. तिला गरजच नव्हती. असं दहा दारं फिरून मुद्द्यावर येणारं माणूस तिने लहानपणापासून रोज ऐकलं होतं.

गुलाबशेठच्या पोरांनी मात्र चालवला असणारच. त्यांना उत्तर मिळालं असणार, जुळणारा लेखक नाही. साहजिक होतं. त्या बाईने आयुष्यात सहीपलीकडे काही लिहिलेलं जगात कुठे नव्हतंच.

मग शलाकाला आठवलं. लिहिलेलं नव्हतं, पण बोललेलं होतं. फिनलंडला आल्यापासून मामी तिला फोनवर आवाजी निरोप पाठवायची, आठवड्यातून दोनतीनदा, लांबच लांब. मामीच्या जुन्या फोनमध्ये जागा नसे, पाठवलेला निरोप तिथून लगेच पुसला जायचा. शलाकाने एकही पुसला नव्हता. फोनमधलं सगळं आपोआप कुठल्या तरी दूरच्या साठ्यात जातं, आणि लेखक शोधून देणारी दुकानं आता असले साठे घाऊक विकत घेऊ लागली होती. मामीच्या विचारांची चाल जगात फक्त एका ठिकाणी नोंदलेली होती, शलाकाच्या फोनमध्ये. सहा वर्षांची. मामांच्या खोक्यांइतकीच स्वच्छ, भरगच्च.

आठवणीसाठी एखादा ठेवावा, असं तिच्या मनात आलं. मग तिला पांढरी बाही दिसली.

तिने मामीला फोन करून एवढंच सांगितलं, की यापुढे निरोप पाठवू नकोस, मीच फोन करत जाईन. मामीने का म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाली.

मग शलाका खिडकीपाशी बसली आणि पहिल्यापासून एकेक निरोप ऐकू लागली. शेजारणीच्या मांजरीने दुधाचं पातेलं कसं लवंडलं. शेवभाजीचा मसाला तिकडच्या कांद्याने का बिघडतो. मामांनी कलेक्टरला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायचं सोडून धुण्यात कसं टाकलं, आणि मागे मामांचं ओरडणं, "अगं, ते कशाला सांगतेस तिला?" तो तिने दोनदा ऐकला.

प्रत्येक निरोप संपला की फोन विचारायचा, हा फोनमधून आणि साठ्यातूनही कायमचा काढून टाकायचा का? ती हो म्हणायची आणि पुढचा लावायची.